खाप्याच्या स्टुडिओतले फोटो

सर, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं एकदाही मनात आलं नाही, कारण तुम्ही होता तेव्हाही आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलं नव्हतं. जे बोलायचं ते शेजारी शेजारी बसून, स्क्रीनकडे बघत बोलायचो. आज रविवार आहे. दुपारची जेवणं झाली, बाबा आत आडवे झालेत, आई शेजारी पापड लाटायला गेली आहे. गेल्या रविवारी खाप्याला मामाकडे जाऊन आले तेव्हापासून एक गोष्ट मनात अडकून बसली आहे. ती सांगावी असं माणूस शोधायला लागले, तर ज्याला सगळं आधीपासून सांगावं लागणार नाही असं एकच निघालं, ते तुम्ही.

पण थोडं आधीपासून सांगावं लागेलच, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मी पास झाले. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला, तो बाबांनी फ्रेम करून आणला आणि देवाच्या फोटोपेक्षा वर लावला, मग आईनं त्यांना तो खाली घ्यायला लावला. आता मी एका लहानशा संस्थेत काम करते. सरकारी शाळांमध्ये कुठल्या कुठल्या ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर येऊन पडलेले असतात, ते आम्ही दुरुस्त करतो, त्यांच्यावर तुमची ती फुकटची प्रणाली, लिनक्स, टाकतो आणि तिथल्या शिक्षकांना शिकवतो. म्हणजे तुम्ही जे एका खोलीत चार मशीनवर करत होता तेच, फक्त बसमध्ये बसून. हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगितलं. खरं असं आहे की मी थकले आहे. गेल्या महिन्यात मौद्याकडच्या एका शाळेत गेले. उन्हाळ्यात तिथे दहा मशीन लावून दिल्या होत्या. परत जाऊन बघते तर आठांवर कुणीतरी लिनक्स पुसून ती नेहमीची, चोरीची, रंगीत वाली सिस्टीम टाकून ठेवलेली. दोन वाचल्या, कारण त्या चालूच होत नव्हत्या. हेडमास्तर भला माणूस. चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाले, मॅडम, तुमचं चांगलंच होतं, पण पोरांना बाहेर तर हेच लागते ना. त्यांच्या हातात फोन होता. त्या फोनच्या पोटात कुठेतरी खोल आपलंच लिनक्स आहे, हे मी आधी प्रत्येक शाळेत मोठ्या उत्साहानं सांगायची. त्या दिवशी नाही सांगितलं. बिस्किट खाल्लं आणि तीनची बस पकडली.

बसमध्ये मला तुमच्या घरी काकूंनी दिलेलं संक्रांतीचं वाण आठवलं. तुम्ही तो किस्सा लोकांना सांगताना नेहमी अर्धा सांगायचात, काकूंना वाईट वाटेल म्हणून. मी नववीत होते. आम्ही कळमन्याच्या धान्यबाजारामागच्या गल्लीत भाड्यानं राहायचो, तुमचं घर पलीकडच्या गल्लीत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचे क्लास घेणारे सर एवढीच तुमची ओळख होती. तेव्हा इंटरनेटवर नुसती मागणी केली की परदेशातून लिनक्सच्या सीड्या पोस्टानं घरपोच यायच्या, एक पैसा न घेता. तुम्ही क्लासच्या मुलांसाठी तीस मागवल्या होत्या. पोस्टमननं पाकीट आणून दिलं तेव्हा तुम्ही बर्डीला जुने पार्ट शोधायला गेला होता आणि काकूंचं संक्रांतीचं हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी होतं. काकूंनी पाकीट उघडून बघितलं. एकसारख्या, चकचकीत, गुळगुळीत कागदाच्या खिशात ठेवलेल्या तीस वस्तू. बायका बोलावल्या होत्या सव्वीस. त्या वर्षी सगळीकडे वाणात प्लास्टिकच्या साबणदाण्याच चालल्या होत्या, आणि काकूंना काहीतरी वेगळं द्यायचं होतं.

अशा रीतीनं, सर, आमच्या कळमन्यात लिनक्स आलं. हळदीकुंकवाला. तिळगुळाच्या पुडीबरोबर. बायकांना वाटलं देवीची गाणी असतील. दोघीतिघींनी घरच्या प्लेअरमध्ये लावून बघितली, आवाज काही येईना. एकीनं गच्चीवर दोरीला टांगली, कबुतरं येऊ नयेत म्हणून, आणि ती म्हणे खरंच कामाला आली. माझ्या आईनं ती देवाजवळ ठेवली, कारण वाण ते वाण. तीन दिवस मी ती रोज काढून बघायची. शाळेत एक कॉम्प्युटर होता, पण तो कापडाखाली असायचा आणि कापड फक्त पाहुणे आले की निघायचं. चौथ्या दिवशी मी ती सीडी घेऊन तुमच्या दारात आले आणि म्हणाले, काका, ही वाजत नाही.

तुम्ही हसला नाहीत, हे मला अजून आठवतं. मला आत बोलावलंत. एका मशीनचा पत्रा काढलात, आतली हार्ड डिस्क स्क्रू काढून बाहेर काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. जड होती. तुम्ही म्हणालात, बघ, सगळं याच्यात असते, आता या डब्यात काहीच नाही. मग माझी सीडी आत सरकवलीत. ती बराच वेळ घरघरत राहिली. मला वाटलं मी काहीतरी बिघडवलं. मग स्क्रीनवर मातकट रंग पसरला, ढोलावर थाप पडल्यासारखा आवाज आला आणि ज्या डब्यात काहीच नव्हतं तो चालू झाला. मी तुमच्या खुर्चीत बसून आहे आणि माझ्या हातात त्या मशीनचं काळीज आहे आणि मशीन तरी चालते आहे. सर, त्यानंतर मी बरंच शिकले, पण तेवढं थक्क परत कधी झाले नाही.

मी रोज यायला लागले तेव्हा बाबांना काळजी वाटली. ते कळमन्याच्या बाजारात मापारी, आयुष्य काट्यासमोर गेलं, फुकट या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. एका संध्याकाळी ते तुमच्याकडे आले, चप्पल बाहेर काढून उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "सर, फुकट देऊन राहिले म्हणजे कुठून तरी घेऊनही राहिले असन ना?" तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत. सांगितलंत की जगभरची माणसं मिळून हे लिहितात, लिहिलेलं सगळं उघडं ठेवतात, कोणीही बघावं, सुधरावं, दुसऱ्याला द्यावं. फक्त घेऊन आपल्यापुरतं कुलूप लावायचं नाही. मग बाबांनी आजोबांच्या वेळची गोष्ट सांगितली. तेव्हा दलाल आणि व्यापारी हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो शेजारी उभा, आणि त्यालाच भाव माहीत नाही. मग उघडी बोली आली. बाबा म्हणाले, "म्हणजे हे बिगर रुमालाचं हाय." तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढे क्लासमध्ये नवीन कोणी आलं की तुम्ही जाडजूड पुस्तकातली व्याख्या सोडून तेच सांगायचात, आणि बाबांचं नावही घ्यायचात. बाबांना ते कळलं तेव्हा दोन दिवस घरात चालण्याची ढबच बदलली होती.

आता खाप्याचं. इथपर्यंत लिहायला सोपं होतं.

माझी बारावी झाली होती. मे महिना होता. आमच्या घरात मोठी गोष्ट कोणतीही असो, आई तिच्या भावाला विचारल्याशिवाय करत नाही, आणि तेव्हा दोन मोठ्या गोष्टी एकदम आल्या होत्या. मला कॉलेजला जायचं होतं, आणि पारशिवनीकडचं एक स्थळ आलं होतं. मामा काय म्हणतो यावर सगळं अडलं होतं. मामाचा खाप्यात फोटो स्टुडिओ. लग्नसराई भरात, कॉम्प्युटरमध्ये सगळ्या सीझनचे फोटो, अल्बम अजून व्हायचे होते, आणि मशीन व्हायरसनं इतकी भरलेली की एक फोटो उघडायला मामाची एक बिडी संपायची. आईनं मला चार दिवस तिकडे पाठवलं. मी मामाला म्हणाले, मी फास्ट करून देते. मामा शूटिंगला निघाला होता, गळ्यात कॅमेरा. म्हणाला, कर, पण फोटोले हात नको लावू. मी म्हणाले, फोटो डीमध्ये आहेत, मी फक्त सी पुसणार.

सर, हे सगळेच म्हणायचे ना. दुरुस्तीवाला आला की म्हणायचा, सी उडवतो, डी राहीन. आमच्याकडे कॉम्प्युटर असलेल्या प्रत्येक माणसाला एवढं एक शास्त्र माहीत होतं. डिस्कचे दोन कप्पे, सी पुसलं तरी डी राहतं. मी वाणाचीच सीडी नेली होती. ती टाकताना एका जागी विचारतात की डिस्कचं काय करू. खाली एक लांबचा रस्ता होता, ज्यात प्रत्येक भाग आपण हातानं निवडायचा. तो तुम्ही मला दोनदा शिकवला होता आणि मला तो दोन्ही वेळा नीट कळला नव्हता. वरती एक सोपं होतं, पूर्ण डिस्क वापरा. मला वाटलं पूर्ण म्हणजे पूर्ण सी. त्या प्रणालीला सी आणि डी ही आपली अक्षरं माहीतच नाहीत, तिच्यासाठी ती एकच पाटी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी बटण दाबलं आणि मामीच्या हातचे पोहे खात बसले. अर्ध्या तासानं नवा स्क्रीन आला. मशीन पळायला लागली. मी वर मामाच्या स्टुडिओचं नाव मराठीत टाइप करून ठेवलं. मामा आला, खूश झाला, दोनतीनदा माऊस फिरवला आणि विचारलं, "डी कुठं हाय वं?"

मी शोधत राहिले. जिथे असूच शकत नाही तिथेही शोधलं. मामा आधी हसत होता. मग त्यानं कॅमेरा गळ्यातून काढून काउंटरवर ठेवला.

मी तुम्हाला मामाच्याच फोनवरून फोन केला. मला रडण्यातून बोलता येत नव्हतं. तुम्ही मला रागावला नाहीत, काय झालं ते पूर्ण विचारलंही नाहीत. म्हणालात, मशीन बंद कर, तिच्यावर काहीच नवीन लिहू नको, मी येतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तुम्ही सावनेरमार्गे आलात, बगलेत पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक मोठी रिकामी डिस्क. स्टुडिओचं शटर अर्धं वर होतं. मामा दारात, बाजूचा झेरॉक्सवाला आणि एका नवरीचा काका तिथेच. मामानं तुम्हाला बसा म्हटलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता मामाला म्हणालात, "भाऊ, पोरीचा दोष नाही. मी फोनवरून सांगत होतो, मीच भलतं बटण सांगितलं. चूक माही हाय."

मला आठवतं, मी तुमच्याकडे बघितलं. आपण फोनवर बोललो होतो ते सगळं पुसून झाल्यावर. तुम्ही, ज्यांनी क्लासमधल्या एकाला चोरीची सीडी वापरली म्हणून परत पाठवलं होतं, ते तुम्ही सरळ उभं राहून खोटं बोललात. आणि मी तोंड मिटलं.

मग दोन दिवस तुम्ही त्या मशीनसमोर बसलात. तुमच्या सीडीवरून मशीन चालू केलीत आणि पुसल्या गेलेल्या डिस्कमधून एकेक फोटो उपसून दुसऱ्या डिस्कवर काढत राहिलात. नावं सगळी गेली होती, परत येताना प्रत्येक फोटो नुसता आकडा होऊन येत होता. कुठे अर्धा चेहरा, खाली राखाडी पट्टा. कुठे पूर्ण मांडव. मामा मागे उभा राहून म्हणायचा, हे ह्या घरचं, हे त्या घरचं, आणि मी कागदावर लिहायची. मामीनं ताट वाढलं तर तुम्ही हात जोडले, चहा तेवढा घेतलात. बरेचसे आले. तीन लग्नांचं फार थोडं आलं, त्यातल्या एकाची फक्त हळद. त्या घरी मामा स्वतः जाऊन सांगून आला. काय बोलणं झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण आल्यावर त्यानं पाय धुतले आणि न जेवता झोपला.

परतीच्या बसमध्ये सावनेर मागे पडल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. मला वाटलं आता तुम्ही म्हणाल की तो लांबचा रस्ता मी तुला दोनदा शिकवला होता. ते नाही म्हणालात. तुम्ही विचारलंत, "त्याच्या मशीनमध्ये काय टाकून राहिली हे तू त्याले सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, फास्ट करून देते एवढं सांगितलं होतं.

"म्हणजे नाही सांगितलं. मशीन त्याची, धंदा त्याचा, अन् त्यालेच माहीत नाही. तुया बाबानं एवढं समजावून सांगितलं मले, अन् तू रुमाल टाकूनच काम करून आली."

मला तोपर्यंत वाटत होतं की माझी चूक बटणाची आहे. मी खिडकीबाहेर बघत रडले. तुम्ही रडू दिलंत. कोराडीची चिमणी दिसायला लागली तेव्हा मी विचारलं की मग तुम्ही खोटं का बोललात. तुम्ही हे आधीच ठरवून आल्यासारखे म्हणालात, "तुया कॉलेजचं त्याच्या हातात हाय. पोरीनं धंदा बुडवला म्हटलं की ते संपलं. मी रिटायर माणूस, माहं काय जाते?" आणि मग, थोड्या वेळानं, "तुले पाहिजे तेव्हा सांगजो त्याले. मी नाही म्हणणार नाही."

हे शेवटचं वाक्य तुम्ही सहज बोललात. माझ्या अंगावर ते बारा वर्षं आहे.

पुढे झालं ते असं. मामा पुढच्या आठवड्यात आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला की पोट्टी हुशार हाय, त्या म्हाताऱ्याच्या नादी लागून वाया चालली, तिले ढंगाच्या कॉलेजात टाका, स्थळ काय, दोन वर्षांनीही येईन. म्हणजे तुम्ही वाईट शिकवता म्हणून मला चांगलं शिकायला मिळालं. आईनं हळदीकुंकवाच्या त्याच बायकांमध्ये ही हकीकत सांगितली, तिच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि आमच्या गल्लीतली चार मुलं तुमच्या क्लासमधून निघाली. तुम्ही मला कधी काही म्हणाला नाहीत. मी रविवारी यायची, घरी लायब्ररी सांगून. तुम्ही तो लांबचा रस्ता मला तिसऱ्यांदा शिकवलात, आणि या वेळी मला तो कळला, कारण या वेळी मला प्रत्येक भागात कुणाचं तरी लग्न दिसत होतं. दोन हिवाळ्यांनंतर तुम्ही गेलात. सकाळी दूध आणायला गेला होता, परत आलात आणि खुर्चीत बसलात, एवढंच काकू सांगू शकल्या. मी आले तेव्हा पुढच्या खोलीतल्या चारही मशीनवर चादर टाकलेली होती. काकूंना मुलगा पुण्याला घेऊन गेला. मामा सांत्वनाला आला नाही, आणि येण्याचं त्याला काही कारणही नव्हतं.

तर गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. म्हणाला, तू शाळाशाळांत ते हलकंवालं टाकते म्हणे, ते माह्या मशीनीत बसन का? धंदा आता राहिला नाही. लग्नाचे फोटो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये, मामाकडे उरले पासपोर्ट साइज आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म. मशीन तीच, मधे त्यानं परत ती नेहमीची वाली टाकून घेतली होती, आता ती हलेना. मी रविवारी गेले. या वेळी मामाला शेजारी बसवलं. कागदावर दोन रकाने केले, काय जाईल, काय राहील, आणि प्रत्येक पायरीला त्याला वाचून दाखवलं. तो कंटाळला, म्हणाला, किती विचारतं वं, लग्न ठरवून राहिली का मशीनचं? मी म्हणाले, बस चुपचाप, आणि हो म्हण. आधी सगळं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. हे मी आता प्रत्येक शाळेत पहिल्या तासालाच शिकवते. उदाहरण म्हणून एक गोष्टही सांगते, एका स्टुडिओतले फोटो कसे गेले त्याची. गोष्टीत ‘एका ठिकाणी असं झालं होतं’ म्हणते. कुणाकडून झालं ते कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

उतरवताना एक फोल्डर दिसलं, नाव ‘वापस’. मामानं सांगितलं की तेव्हा तुम्ही काढून दिलेले ते हेच. मी उघडलं. मला वाटलं होतं आकडेच आकडे असतील. पण सर, बहुतेक फोटोंना नावं आहेत. नवरीची मावशी. बँडवाले, पाटणसावंगीचे. जेवणाची दुसरी पंगत. मामानं बारा वर्षांत एकेकाला नाव दिलं आहे. ज्या गावचं लग्न, तिथला कोणी फॉर्म भरायला आला की मामा त्याला खुर्ची देतो आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवतो, बघ, हे कोण? ज्यांचे अल्बम झाले नव्हते त्यांतल्या काहींना त्यानं पुढे पाच, सहा वर्षांनीही फोटो नेऊन दिले. थोडे अजून आकडेच आहेत. एका बाईचा आहे, हिरवी साडी, डोक्यावर अक्षता, हसते आहे. मामा म्हणाला, हिले अजून कोणीच नाही ओळखलं.

मग मामा स्वतःच बोलायला लागला. इतकी वर्षं लग्नाकार्यात तुमचा विषय निघाला की तो तुम्हाला शिव्या द्यायचा, त्या फुकटवाल्या म्हाताऱ्यानं माहा सीझन खाल्ला म्हणायचा, आणि मी पंगतीत वाढत असायची. त्या दिवशी त्याचा आवाज वेगळा होता. तो म्हणाला, "दोन दिवस माह्या घरचं अन्न नाही खाल्लं त्यानं. मी तेव्हा रागात होतो, नंतर ध्यानात आलं. माणूस खोटा नव्हता थो. हात कच्चा होता."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या, अंधारात बोटांनी तारा ओळखणाऱ्या माणसाचा हात कच्चा. स्क्रीनवर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी शेवटाला आली होती. मामा शेजारी होता, कोणी गिऱ्हाईक नव्हतं, मामी आत. माझं कॉलेज झालं, नोकरी लागली, माझं आता कोणाच्याच हातात काही नाही. तुम्ही म्हणाला होता, पाहिजे तेव्हा सांगजो. यापेक्षा चांगली वेळ कोणती असते? मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मशीन चालू झाली, मामानं माऊस फिरवला, ती पळाली, आणि त्यानं झेरॉक्सवाल्याला हाक मारून बोलावलं, ये गा, बघ, आमच्या पोट्टीनं केलं. झेरॉक्सवाला आला. त्यानं मला मॅडम म्हटलं. मी गप्प राहिले आणि चारची बस पकडून आले.

आठवडाभर मी स्वतःला हे सांगते आहे की आता मामाच्या मनात तुमच्याबद्दल राग उरला नाही, मग सांगून काय होणार. राग होता तेव्हा वाटायचं, राग शांत झाला की सांगू. मी रोज चार लोकांसमोर उभी राहून उघडं ठेवण्याबद्दल बोलते, आणि लोक ऐकत नाहीत म्हणून थकते. कदाचित मी दुसऱ्याच कशानं थकले असेन.

हे कॉम्प्युटरवरच टाइप करते आहे. तुम्हाला पाठवायचा पत्ता नाही, पण मामाचा आहे, त्याच्या फोनवर हे आत्ता एका क्षणात जाईल, आणि तो सावकाश, ओठ हलवत पूर्ण वाचेल. त्याला वाचायला आवडतं. पाठवणार नाही, सर. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्हाला माहीत आहे.

आणि एक राहिलं. वर मी लिहिलं की मामा हात कच्चा होता म्हणाला तेव्हा मी गप्प राहिले. ते तसं झालं नाही. मी म्हणाले होते, हो ना, मामा.